बारा नंबरची कॉलर

शाळा उघडायला नऊ दिवस राहिले होते आणि बाराशे बटणं लागायची होती, तेव्हा बटणांचा शनिवार पुढे ढकलणं कुणाच्याच हातात नव्हतं. या घरात ज्यातून सुटका नाही असे दिवस दोनच, मरणाचा आणि बटणांचा, असं बाई स्वतःच म्हणत. "मरणाला निदान शेजारीपाजारी येतात. बटणांना घरचंच माणूस लागतं."

दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं होतं. कापायच्या लांब टेबलाभोवती घरचा गोतावळा बसला होता आणि प्रत्येकापुढे गणवेशाच्या पांढऱ्या सदऱ्यांचा ढीग होता. बाई टेबलाच्या डोक्याशी, आपल्या पायमशीनला पाठ टेकून. त्र्याहत्तर वर्षांच्या झाल्या तरी सुईत दोरा स्वतःच ओवत. पहिल्या खेपेला गेला नाही तर सुईच्या सात पिढ्या उद्धरत. उजव्या हाताला थोरला मुलगा. त्याला बाजार 'मास्तर' म्हणे आणि बाई 'बाळ्या'. वय एक्कावन्न. तो बटणं लावायला बसत नसे. मास्तरानं कापायचं, बटणं लावायची नाहीत, असा त्याचा बाणा. शेजारी त्याची बायको. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, त्यामुळे कुणी दातानं दोरा तोडला की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि या घरात दोरा दातानंच तोडत. समोर धाकटी लेक छकू. शेचाळीस वर्षांची झाली तरी छकूच. ती लोकांना मोटार चालवायला शिकवायची आणि बोलता बोलता तिचा उजवा पाय सारखा ब्रेक शोधायचा. तिच्या बाजूला तिचे यजमान, वजनमाप खात्यातले. मागच्या वर्षीच्या शनिवारसोहळ्यात त्यांनी एक बटण सदऱ्यासकट स्वतःच्या पाटलोणीला शिवून घेतलं होतं आणि चहाला उठले तेव्हा सदराही त्यांच्याबरोबर उठला होता. या वर्षी त्यांना फक्त बटणं मोजायला बसवलं होतं.

आणि उंच स्टुलावर पाय हलवत चिमणी, मास्तरांची एकुलती एक, वय वर्षं अकरा.

"आजी, माझी उंची किती?" तिनं हातातल्या कागदावरून मान वर न करता विचारलं.

"चार फूट पाच इंच, दोन सूत."

"एवढं पाव इंचाचं सूतही लिहायचं का?"

"खरं ते लिहावं."

बाईंना मापं तोंडपाठ होती. बाकीच्या बायकांना मुलांचे वाढदिवस लक्षात राहतात. बाईंना छाती, कंबर, बाही लक्षात राहायची. त्यांची मापाची जुनी वही अजून गल्ल्याखालच्या खणात होती. त्या वहीत अक्षर कुठे नव्हतं. नुसते आकडे, आणि नावांच्या जागी चित्रं: पोलिसाला मिशी, डॉक्टरला नळी, पोस्टातल्या माणसाला सायकल, बाळ्याला दोन उभे कान. घरातला प्रत्येक मोठा दिवस त्या वहीत होता. बाळ्या पहिल्यांदा शाळेत गेला तो दिवस म्हणजे छाती बावीस. छकूचं लग्न म्हणजे कंबर सव्वीस, आणि लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे तीस. लोकांचे फोटो पिवळे पडतात, नातेवाईकांच्या आठवणी तर सोयीप्रमाणे पडतात. माप खोटं बोलत नाही.

"कसला कागद आहे तो?" मास्तरांनी विचारलं.

स्टूल हलायचं थांबलं. सुनेनं एकदम सदऱ्यात डोकं घातलं. सुनेनं डोकं घातलं म्हणजे कागद कसला ते सुनेला ठाऊक होतं, हे बाईंनी टिपलं.

"सहलीचा," चिमणी म्हणाली आणि एका दमात वाचून मोकळी झाली. "तळ्याकाठी चार दिवसांचं शिबिर, पोहणे, होडी चालवणे, तंबूत मुक्काम, सोमवारी सकाळी सातला बस, पालकांनी सही करून शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत कार्यालयात द्यावे, सोबत येऊ शकणाऱ्या एका पालकाने खालच्या चौकटीत खूण करावी."

"शनिवार म्हणजे कुठला?"

"आजचा."

भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते. मास्तरांनी कागद तिच्या हातातून घेतला, वाचला आणि टेबलावर ठेवला.

"नाही."

"अहो, निदान..."

"पाणी, होडी, तंबू. आणि वर पालक मागतायत. म्हणजे त्यांचा त्यांच्यावरच भरवसा नाही! आणि तुला हे माहीत होतं?"

"आठ दिवसांपासून," सून म्हणाली. आता लपवण्यात हशील नव्हतं. "तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही आठ दिवस नाही म्हणत बसला असता. म्हटलं, दोनच तास म्हणा."

छकूला हसू फुटलं. "वा वहिनी! दादा, जाऊ दे रे तिला. तूच काय कमी होतास? पाण्याच्या टाकीवरून छत्री घेऊन उडी मारली होतीस."

"ती सहल नव्हती. ती उडी होती."

"छत्री उलटी झाली आणि हा केराच्या गाडीत पडला," छकूनं चिमणीला सांगितलं. ही गोष्ट चिमणीनं तीसेक वेळा ऐकली होती, तरी ती डोळे मोठे करून ऐकत होती. "आणि त्याच उन्हाळ्यात त्यानं कुणाचं तरी कासव बटणांच्या डब्यात लपवलं. आईनं डब्यात हात घातला."

"कासव बरं," बाई म्हणाल्या. "ते तोंड आत घेतं."

त्या उन्हाळ्याचं पान बाईंना डोळ्यांपुढे दिसलं: दोन उभे कान, आणि शेजारी डावी बाही उजवीपेक्षा पावणेदोन इंच रुंद. प्लास्टरसाठी.

मास्तरांनी कात्री उचलली. राग आला की त्यांचे हात स्वस्थ बसत नसत. समोर जो कागद येईल त्यावर पेन्सिलीनं रेघ मारायची आणि कापत सुटायचं. भांडणात एरवी लोकांची भांडी फुटतात. या दुकानात भांडणं झाली की खिशांचे, पट्ट्यांचे, बाह्यांचे नवे साचे तयार होत. बायकोशी झालेल्या मोठ्या अबोल्यात त्यांनी लहान मुलांच्या विजारींचा अख्खा संच काढला होता आणि तो अजून वापरात होता.

"मुद्दा एवढाच," ते पेन्सिल चालवत म्हणाले, "की नाही गेलं म्हणून कुणाचं अडत नाही."

"अडत नाही ते म्हातारपणी," छकू म्हणाली. "अकराव्या वर्षी सगळं अडतं. वहिनी, तू तरी बोल. पण तू काय बोलणार, तूही तिला कापसातच गुंडाळून ठेवलीयस. परवा लिंबाचं सरबत गाळून, उकळून, परत गाळून..."

सुईचं टोक सदऱ्यातून वर आलं ते तसंच राहिलं.

"मी? मी कापसात गुंडाळते?"

"तसं नाही गं..."

"आठ दिवस मी त्या कागदासाठी जिवाचं रान केलं, आणि वन्सं, मी कापसात गुंडाळते? मग राहू दे. नाही जायची ती. अहो, तुमचं बरोबर आहे."

"आई!" चिमणी किंचाळली.

मास्तर जिंकले होते, पण इतकं अचानक, की त्यांनाच विश्वास बसेना. छकूचा पाय टेबलाखाली जोरात ब्रेक दाबत होता.

"जावईबापू," बाई म्हणाल्या, "तुमचं काय म्हणणं?"

जावयांनी मोजलेली बटणं एका बाजूला सारली. "तसं पाहिलं तर मास्तरांच्या म्हणण्यात वजन आहे. आणि यांच्याही म्हणण्यात आहे."

"लग्नाला बावीस वर्षं झाली. एकदा तरी तुमचा काटा कुठल्या तरी बाजूला झुकू द्या."

"सरकारी काटा आहे, सासूबाई. मध्येच राहतो."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी कागद फिरवला, कात्री खोल घातली आणि ते बाईंकडे वळले.

"हे सगळं कशाला? मी गेलो होतो का सहलीला? मी चिमणीएवढाच होतो. पाचवीचा अख्खा वर्ग गेला होता, किल्ला बघायला. आमच्या आईनं सांगितलं, जायचं नाही. विषय संपला. का म्हणून विचारायची माझी टाप नव्हती. आज मी काय वाया गेलो? सांग आई."

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. चिमणीनंही. ही गोष्टही घरात तीसेक वेळा सांगून झाली होती, आणि तिच्यात बाईंची छाती दर खेपेला एक इंच वाढायची. बाळ्याच्या आईनं एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो नाही. सासवा सुनांना सांगायच्या. शेजारणी आपल्या पोरांना दम द्यायच्या: थांब, त्या शिवणवाल्या बाईंकडे पाठवते.

"मला मात्र पाठवलंस," छकू म्हणाली. "पाच वर्षांनी. दादाला नाही आणि मला हो, हे कोडं मला आजपर्यंत..."

"ती लाडकी," मास्तर म्हणाले. विनोदानंच म्हणाले, पस्तीस वर्षं ते विनोदानंच म्हणत आले होते.

बाईंनी बटणाचा दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि दातानं तोडला.

"माझं काय विचारता? तुमचं तुम्ही बघा," त्या म्हणाल्या.

एवढं गुळमुळीत उत्तर बाईंनी जन्मात दिलं नव्हतं. छकूनं चमकून पाहिलं. पण बाईंची नजर टेबलाच्या वर, भिंतीतल्या खिळ्यावर गेली होती. तिथे साचे टांगलेले होते. वर्षानुवर्षं जमलेले, कडा काळ्या झालेले, एका दोरीत ओवलेले. बाहेरून तिसरा, पुठ्ठ्याचा. बारा नंबरची कॉलर.

चाळीस वर्षांपूर्वी बाईंचा नवरा मालगाडीवर गार्ड होता. आठ-आठ दिवस घराबाहेर. दुकान, मुलं आणि मशीन, तिन्ही बाईंच्या पायाशी. त्या वर्षी शाळेचं काम पहिल्यांदा मिळालेलं, आणि कॉलर काही बसेना. टोकं वर यायची. हेडबाईंनी दोनदा परत पाठवली होती. एका दुपारी बाईंना टेबलावर एक कागद दिसला. चांगला, जाड, कडक. असा कागद घरात कधी यायचा नाही. वर छापलेलं काहीतरी होतं. छापलेलं ते सगळंच बाईंना तेव्हा मुंग्यांची रांग. त्यांनी कागद दुमडला, पेन्सिल घेतली, आणि एका फटक्यात कॉलर काढली. अशी कॉलर, की तिला पुन्हा हात लावावा लागला नाही.

संध्याकाळी बाळ्या आला. "आई, कागद कुठाय? सही केलीस?"

बाईंनी मशीनवरच्या कॉलरीकडे पाहिलं, आणि तो कागद कसला होता ते त्यांना कळलं.

दुसरा कागद मागता आला असता. त्यासाठी हेडबाईंसमोर उभं राहून सांगावं लागलं असतं की मी तो वाचला नाही, मला वाचता येत नाही. ज्या बाईंनी दोन दिवसांपूर्वी कॉलर परत पाठवली, त्यांच्यासमोर. बाईंनी रात्रभर... छे, रात्रभर कसलं, चहा उकळेपर्यंत विचार केला आणि म्हणाल्या, "जायचं नाही."

पोरगं रडलं नाही. बस दुकानावरून गेली तेव्हा दारात उभं राहिलं. मग टेबलाखाली जाऊन बसलं आणि तिन्हीसांजेला बाहेर आलं ते सगळ्या टाचण्या लहानमोठ्या लावून. त्याच दिवशी बाई मुलांच्या जुन्या अंकलिप्या घेऊन बसल्या. वाचायला शिकायला त्यांना दोन वर्षं लागली. ज्या दिवशी त्या कॉलरीवरचा पहिला शब्द लागला, त्याच दिवशी त्यांनी खळ लावून कॉलर पुठ्ठ्यावर पालथी चिकटवली. साचा टिकावा म्हणून, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं.

झाकली मूठ. त्या मुठीवर चाळीस वर्षं करारीपणाचं नाव मिळालं होतं. ते काय कमी होतं?

"चार वाजले," चिमणी बारीक आवाजात म्हणाली.

सून तोवर निवळली होती. तिचा राग नणंदेवर होता, मुलीवर नव्हता, आणि छकूनं मधल्या वेळात तिच्या वाट्याचे आठ सदरे गुपचूप आपल्या ढिगात ओढले होते. "द्या तो कागद," ती म्हणाली. "आईची सही चालते. मी करते."

"हो, कर! माझ्या नाकावर टिच्चून कर."

"कुठाय कागद?"

सदरे उचलून पाहिले. स्टुलाखाली पाहिलं. जावयांनी बटणांचा डबा उपडा करून पाहिला आणि मोजलेली बटणं न मोजलेल्यांत गेली. छकू म्हणाली वहिनीच्या मांडीखाली असेल, वहिनी म्हणाली वन्संच्या. मग चिमणी काही न बोलता बाबांच्या हाताकडे बघायला लागली.

मास्तरांच्या हातात एक सुबक खिसा होता. कागदी. खाली टोकदार, वर दोन सूत दुमड. त्याच्या पोटावर लिहिलं होतं: *पोहणे, होडी चालव*. टेबलावर आणखी दोन तुकडे होते. सहीची जागा कातरणात गेली होती, आणि कातरण चहाच्या कपात.

"अगं," मास्तर म्हणाले, "मी... हा कधी..."

"तू मुद्दाम केलंस."

"चिमणे, शपथ. माझं लक्षच नव्हतं."

"मुद्दाम केलंस! तुला पाठवलं नाही म्हणून तुला मला पाठवायचं नाहीये." ती रडत नव्हती. तेच वाईट होतं. स्टुलावरून उतरली आणि टेबलाखाली जाऊन बसली.

सुनेनं नवऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जावयांनीही मान खाली घातली. सरकारी काटा पहिल्यांदा झुकला होता. "मास्तर, हे मात्र जरा जास्त झालं," ते म्हणाले.

"अहो, कुणीतरी विश्वास ठेवा!"

बाईंनी टेबलाखाली पाहिलं. चिमणी टाचण्यांच्या डब्याला हात घालत होती. आणि बाईंना पुढची चाळीस वर्षं स्वच्छ दिसली: पन्नाशीची चिमणी, कुठल्या तरी टेबलाशी बसलेली, विनोदानं सांगतेय, आमच्या बाबांनी ना, मुद्दाम कागद कापला.

"त्यानं मुद्दाम नाही केलं," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत, आई?" सून म्हणाली.

"मला नाही तर कुणाला? आडात आहे तेच पोहऱ्यात आलंय."

त्या उठल्या. खिळ्यावरची दोरी काढली, तिसरा साचा सोडवला आणि कात्रीचं टोक पुठ्ठ्याच्या कडेला घातलं.

"आई, बारा नंबर आहे ती!" मास्तर ओरडले. त्या कॉलरीवर त्यांनी हजारो सदरे कापले होते. घरातलं माणूस आजारी पडलं तरी त्यांचा आवाज इतका चिरकला नसता.

"गप बस."

जुनी खळ कुरकुरत सुटली. कागद पिवळा, पण धड होता. बाईंनी तो टेबलाखाली धरला.

"चिमणे, वाच. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

टेबलाखालून आवाज आला. "*...लकांस कळविण्यात येते की इयत्ता पाचवीची सहल... किल्ला पाहण्यासा... आपल्या पाल्यास पाठवण्यास संमती अस... सही करून...*" मग थांबला. "आजी, इथे कॉलर वळली."



"मला वाचता येत नव्हतं तेव्हा," बाई म्हणाल्या. असं वाक्य त्यांनी उभ्या आयुष्यात उच्चारलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते कुणावर तरी डाफरल्यासारखंच उच्चारलं. "कागद चांगला दिसला. कापला. संध्याकाळी कळलं. आता दुसरा मागायला जायचं तर तोंड दाखवावं लागलं असतं. ते दाखवलं नाही. नाही म्हणून मोकळी झाले. कडक-बिडक काही नव्हतं त्यात. लाज होती."

मास्तरांनी कॉलर हातात घेतली. उलटी केली. सुलटी केली.

"म्हणजे तू मला पाठवणार होतीस?"

"न पाठवायला काय? कासव घरात होतं अजून. मीच सुटले असते चार दिवस."

"चाळीस वर्षं..." मास्तर म्हणाले. "चाळीस वर्षं मी याच कॉलरीवर... अख्ख्या शाळेला..."

"सदरे कापलेस. आणि टोक एकदा तरी वर आलं का?"

"नाही."

"मग! खोट माझ्यात होती. कॉलरीत नाही."

मास्तर खाली बसले. खुर्ची नव्हतीच मागे. ते सदऱ्यांच्या ढिगावर बसले. मग त्यांच्या छातीतून एक विचित्र आवाज यायला लागला. सुनेला वाटलं रडतायत, छकूला वाटलं हसतायत. दोघी आपापल्या परीनं बरोबर होत्या.

टेबलाखालून चिमणीचं डोकं बाहेर आलं. "बाबा, म्हणजे तू खरंच मुद्दाम नाही केलंस?"

"खानदानी सवय आहे गं," छकू म्हणाली.

"साडेचार," जावई म्हणाले. बरोबर वजन त्यांनी त्या दिवशी तेवढंच टाकलं.

"तुकडे आणा," बाई मशीनवर बसत म्हणाल्या. "कागदाला टीप घालायची तर टाका लांब हवा, नाहीतर फाटतो. बाळ्या, दाबपट्टी सैल कर. सूनबाई, सहीची जागा कातरलीय, तिथे पांढऱ्या पॉपलीनचं ठिगळ लागेल. दोन बाय तीन. कडा दुमडून."

खिसा, दोन तुकडे आणि ठिगळ एकमेकांना जोडले गेले. पॅडल चालत होतं आणि कुणी श्वास घेत नव्हतं. मास्तरांनी पॉपलीनवर सही केली. शाई जरा पसरली, पण अक्षर लागत होतं. मग पेन त्यांच्या हातातच राहिलं. खालची चौकट शाबूत होती: *सोबत येऊ शकणाऱ्या पालकाने.*

"काय बघतोस?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. सीझन आहे. चारशे सदरे कापायचेत अजून."

"ते मी कापते. मी काय मेले?"

चिमणीच्या लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "बाबा येणार? सहलीला? *माझ्या* सहलीला?" तिनं घड्याळाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि वाटाघाटीला वेळ नाही हे ओळखलं. "बसमध्ये माझ्या शेजारी बसायचं नाही."

"नाही बसणार."

"चिमणे म्हणायचं नाही."

"बरं."

"पोहता येतं तुला?"

"नाही."

"मग काठावर बस. मी लक्ष ठेवीन."

पाचला सहा मिनिटं असताना आजी, मुलगा आणि नात शाळेच्या कार्यालयाच्या खिडकीशी धापा टाकत उभे होते. कारकुनानं कागद घेतला, मागचीपुढची बाजू पाहिली, टिपेवरून बोट फिरवलं.

"हे शिवलंय?"

"डिंक सुटतो," बाई म्हणाल्या. "टीप सुटत नाही."

"अहो, पण उंचीत हे दोन सूत..."

"खरं ते लिहिलंय. आणि तुमची मान बारीक होती लहानपणी, सव्वादहा. आठवतं मला. चौकटीत खूण केलीय ती बघा. हा येतोय बरोबर."

कारकुनाचा हात आपोआप स्वतःच्या कॉलरीकडे गेला. "बरं. मास्तरांची सही आहे. ठीक आहे."

"अजून एक आहे," बाई म्हणाल्या.

त्यांनी पदराखालून पिवळी कॉलर काढली. खिडकीच्या फळीवर ठेवली, कारकुनाचं पेन न विचारता घेतलं, आणि जिथे *सही करून* असं लिहिलं होतं त्याच्या पुढे, कॉलरीच्या अगदी टोकात, आपलं नाव लिहिलं. मोठ्या अक्षरात, एकेक काना बघून.

"हा याचा," त्या मुलाकडे मान करून म्हणाल्या. "जरा उशीर झालाय. चालवून घ्या."

कारकुनानं कॉलरीकडे पाहिलं. मास्तरांकडे पाहिलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस खिडकीशी असा उभा होता, की त्याला नाही म्हणायची कारकुनाला हिंमत झाली नाही. त्यानं शिक्का उचलला.

"जोरात मारा," बाई म्हणाल्या, "आणि परत द्या. बारा नंबर आहे, सोमवारी लागेल."

सोमवारी सात वाजून गेल्यावर बस दुकानावरून गेली. चिमणी पुढच्या खिडकीत होती, मैत्रिणींच्या घोळक्यात; तिनं हात केला. अगदी मागच्या खिडकीत, एकटेच, मांडीवर पिशवी घट्ट धरून मास्तर बसले होते. त्यांनी हात केला नाही. त्यांनी दोन्ही कान धरून उभे ताणले.

बाई दारात उभ्या होत्या. बस वळेपर्यंत उभ्या राहिल्या. मग आत आल्या, नाक शिंकरलं, सुईच्या सात पिढ्यांना उगाचच एक शिवी दिली आणि टेबलाशी उभ्या राहिल्या. चौदा नंबरचा साचा झिजला होता, नवा काढायला हवा होता. समोर एक छान जाड, कडक कागद पडला होता.

त्यांनी कात्री उचलली. थांबल्या. चष्मा लावला आणि कागद एका बाजूनं वाचला, मग दुसऱ्या बाजूनं.

जावयांचा रजेचा अर्ज होता.

बाईंनी तो जपून घडी केला, गल्ल्याखालच्या खणात जुन्या मापांच्या वहीत ठेवला, आणि दुसरा कागद घेतला.